उघडं राहिलेलं पान

ऑफिसात त्याला सगळे भंगारवाले म्हणत. एका शुश्रूषा केंद्राची वेबसाइट तो सांभाळायचा. नवी आवृत्ती चढवली की बाकीचे जुन्या फायली लगेच पुसून टाकत; हा महिनाभर ठेवायचा. "कुणाच्या तरी घरी जुनं पान उघडं असतं. बटण दाबलं की त्याला जुनीच फाइल लागते. ती नसली तर पान नुसतं बघत बसतं."

"आणि दोन-दोन आठवडे एकच पान उघडं ठेवणारा शहाणा कोण हो, भंगारवाले?" साहेब विचारत.

ती शहाणी म्हणजे त्याचीच सख्खी बहीण. मेहुणे अंथरुणाला खिळलेले. केंद्रात एक खाट रिकामी होणार होती आणि ताई त्या खाटेसाठीचा अर्ज वेबसाइटवर रोज चार ओळी करत भरत होती. तो भरून देतो म्हणाला, तर म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं दुखणं मीच लिहीन." मग त्यानेच बजावलं होतं, "पान बंद करू नकोस, लिहिलेलं जाईल. मी जुनं काही पुसत नाही."

सोमवारी नवी आवृत्ती चढली. साहेबांनी भंगाराचा भाव विचारला, सगळे हसले. त्याचं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत त्याने जुन्या फायली पुसल्या. "झालं समाधान?"

ताई आठवली ती बुधवारी सकाळी, दात घासताना. अर्जाची मुदत मंगळवारी पाचला संपली होती. तोंड न पुसताच त्याने आपल्याजवळच्या प्रतीतून फायली परत चढवल्या आणि ताईचं घर गाठलं.

ती संगणकासमोरच होती. "काल तीनला दाबलं. तेव्हापासून गोल फिरतंय."

"मला फोन नाही का करायचा?"

"तूच म्हणतोस ना, फिरत असलं की हात लावायचा नाही."

त्याने बटण पुन्हा दाबलं. या वेळी पान झटकन हललं. 'मुदत संपली आहे. खाट देण्यात आली आहे.'

ताईने चष्मा काढून ते दोनदा वाचलं. "चाललं बघ," ती म्हणाली. "केलंस नीट."

आतून मेहुणे कण्हले. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "ये, त्या बाजूने चादर धर. त्यांना कुशीवर वळवायचंय, एकटीला आता जमत नाही."

त्याने चादरीचं टोक धरलं.