खिशातल्या अक्षता

नोकरीतल्या बहुतेक केसेस मी निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसातच सोडून आलो. ही एक मात्र माझ्याबरोबर घरी आली. लग्नात कुणी हातावर अक्षता ठेवल्या की ती आठवते, आणि मी आधी आजूबाजूला पाहून घेतो.

थोडं माझ्याबद्दल. मी नागपूरहून कॅलिफोर्नियात शिकायला आलो, इंजिनीअर झालो, आणि काही वर्षांनी ती नोकरी सोडून पोलिसांत गेलो. फ्रीमाँटच्या आसपासच्या मराठी घरांना याचं नवल कायम वाटत आलंय. "एवढं शिकून शेवटी हवालदार?" असं एका काकूंनी मला भर पंगतीत विचारलं होतं. मी डिटेक्टिव्ह आहे हे त्यांना समजावून उपयोग नव्हता. मी मुकाट्याने श्रीखंड खाल्लं.

खाडीकाठच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर मराठी लग्न होतं. तिथे सीगल पक्ष्यांचा भारी उच्छाद. जेवणाच्या टेबलांवर सरळ झडप घालतात. म्हणून हॉटेलने एक फाल्कनर बाई ठेवली होती. फाल्कनर म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्याला शिकवणारी व्यक्ती. मधूनमधून तिचा ससाणा आकाशात फेरी मारायचा, सीगल पळायचे, आणि तो परत तिच्या हातमोज्यावर येऊन बसायचा. पाहुण्यांपासून लांब, हिरवळीच्या कडेला उभं राहायचं, असा तिच्या परवान्याचाच नियम होता.

मंगलाष्टकं संपता संपता तो ससाणा बिथरला. त्याच्या पायांना बांधलेले पट्टे तिच्या बोटांतून निसटले. तो उडून मांडवाच्या खांबावर बसायला गेला, फुलांच्या माळांत घसरला आणि खाली आला. नवरीच्या मागे तिची सहा वर्षांची भाची करवली म्हणून उभी होती. ससाण्याची नखी तिच्या भुवईवर लागली. टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

तक्रार मुलीच्या वडिलांची, म्हणजे नवरीच्या मोठ्या भावाची. त्यांचं म्हणणं असं, की ही बाई शायनिंग मारायला पक्षी घेऊन आपणहून गर्दीत घुसली. हे खरं ठरलं असतं, तर तिचा परवाना रद्द होऊन पक्षी सरकारजमा झाला असता. वन्यजीव खात्याने निर्णय होईपर्यंत पक्षी बाहेर काढायला बंदी केली आणि आमच्या अहवालाची वाट पाहत बसलं. मी साहेबांना सांगितलं, की ही आमच्या समाजातली माणसं आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, "ओळखीची आहेत का?" नव्हती. "मग तूच जा," ते म्हणाले.

पाहुण्यांचे जबाब घेतले. सगळे सभ्य, शिकलेले, मदत करायला तयार. बाई मांडवाजवळ उभी होती हे सगळ्यांनी सांगितलं. तिला कुणी बोलावलं? ठाऊक नाही. पक्षी का बिथरला? ठाऊक नाही. फाल्कनरने आपल्या जबाबात म्हटलं होतं, की एका वृद्ध गृहस्थाने तिला बोलावलं आणि नंतर सगळ्या लोकांनी एकदम तिच्यावर काहीतरी फेकलं. माझ्या सहकाऱ्याने पाहुण्यांना विचारलं, तुम्ही काही फेकलंत का? सगळे चकित झाले. लग्नात कोण कशाला काही फेकेल? बाई खोटं बोलते, असं त्याचं मत झालं.

मी तिला भेटायला तिच्या घरी गेलो. साधं घर, मागे पक्ष्यासाठी स्वच्छ खोली. ससाणा आपल्या दांडीवर बसला होता आणि माझ्या बुटांकडे संशयाने बघत होता. तिचे डोळे सुजलेले होते. "याला मी पिल्लू असल्यापासून वाढवलंय," ती म्हणाली. "मुलीला लागलं याचं मला वाईट वाटतंच. पण मी आपणहून गेले नाही. मी हॉटेलला विचारलं होतं, फुगे आहेत का, फटाके आहेत का, कागदाचे तुकडे उडवणार का? त्यांनी घरच्यांना विचारून नाही असं कळवलं."

पक्ष्याला ती कशी बोलावते ते दाखवा, असं मी म्हटलं. तिने त्या दिवशीचंच जाकीट खुंटीवरून काढलं आणि शिट्टीसाठी खिशात हात घातला. शिट्टीबरोबर लाल तांदळाचे दाणे टेबलावर सांडले.

"हे कुठून आलं?"

"तेव्हाच कुणीतरी दिलं. एक बाई ताट घेऊन फिरत होती. याचं काय करायचं ते मला कळेना. टाकून देणं बरं दिसलं नसतं, म्हणून खिशात ठेवलं."

हे तिला क्षुल्लक वाटलं होतं, म्हणून जबाबात नव्हतं. मी मात्र खुर्चीत सरसावून बसलो. अक्षता पिसांत सापडल्या असत्या तर कुठूनही उडाल्या असं म्हणता आलं असतं. पण अक्षता खिशात आपोआप येत नाहीत. त्या घरच्या बाईने हातावर ठेवाव्या लागतात, आणि त्या पाहुण्यांच्याच हातावर ठेवतात. आणि शेवटच्या 'सावधान'ला भरल्या मांडवाने एकदम हात उचलले, टाळ्या वाजल्या, स्पीकरवर सनई-चौघडा सुरू झाला, तेव्हा त्या पक्ष्याचं काय झालं असेल हेही मला तिथेच दिसलं.

मी नवरीच्या भावाच्या घरी गेलो. जबाब घेताना माणूस कुठल्या प्रश्नावर घाई करतो, तिकडे माझं लक्ष असतं.

"अक्षता कुणी वाटल्या?" मी मराठीत विचारलं.

"आईने. ट्रे घेऊन सगळ्यांना दिल्या."

"वेटर लोकांनाही?"

"नाही, त्यांना कशाला? ओन्ली गेस्ट्स."

"मग फाल्कनरच्या खिशात कशा आल्या?"

तो घाईने म्हणाला, "काका, आजोबांना यात नका ना आणू. ते तेव्हापासून नीट जेवत नाहीयेत. तुम्ही आपलेच आहात, प्लीज अंडरस्टँड करा."

आजोबांचं नाव मी काढलंच नव्हतं. आणि आपलेच आहात, हे ऐकून मला राग आला. ज्या समाजाला इतकी वर्षं माझी नोकरी सांगण्यासारखी वाटली नव्हती, त्याला आज मी आपला झालो होतो. पण राग गिळून मी म्हटलं, "त्या बाईचं लायसन्स जाईल. तिचा पक्षी जाईल."

"आणि माझ्या मुलीचा डोळा गेला असता काका!" तो ओरडला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही खरंच होतं. बापाच्या भीतीला मी खोटं म्हणू शकत नव्हतो.

आतून काठीचा आवाज आला. आजोबा दारात उभे होते. इकडे फार आधी आलेले डॉक्टर, आता निवृत्त. "त्यांना बसायला सांग," ते नातवाला म्हणाले आणि स्वतःही कोचावर बसले. "मीच बोलावलं तिला. ती तिकडे पार्किंगच्या कडेला उभी होती. म्हटलं, नातीचं लग्न आहे, विष्णूचं वाहन आपल्या दारी आलंय, त्याला काय कुंपणापाशी उभं ठेवायचं? ती नको म्हणत होती. मी हात जोडले. म्हाताऱ्या माणसाने हात जोडल्यावर ती काय करणार? सूनबाईलाही मीच म्हटलं, तिला अक्षता दे."

"आजोबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"पोलीस आले तेव्हा याने मला आत झोपवलं," ते म्हणाले. "पण ते निमित्त झालं हो. जन्मभर पेशंटच्या नातेवाइकांना तोंडावर खरं सांगत आलो. पणतीच्या भुवईवरचे टाके पाहिले आणि माझी जीभ उचलेना. आता घ्या लिहून."

नातू भिंतीला टेकून उभा होता. मग तो आला आणि आजोबांच्या मागची उशी सरळ करून त्यांच्या शेजारी बसला. जबाब पूर्ण होईपर्यंत तो तिथेच बसून होता. त्या आठवड्यात त्याने तक्रार मागे घेतली.

मी फाल्कनरला फोन करून हे सांगितलं. मला वाटलं, ती आनंदाने उड्या मारेल. ती म्हणाली, "त्यांनी खरं सांगितलं, त्यांचे आभार. पण त्यांना नाही म्हणणं हे माझं काम होतं. पक्षी शिकवलेला असतो. लोक नसतात." हे वाक्यही मी अहवालात लिहिलं. वन्यजीव खात्याने तिला ताकीद देऊन परवाना कायम ठेवला.

या केसने मला काय शिकवलं? पाहुणे खोटं बोलले नव्हते. अक्षता टाकणं म्हणजे कुणाच्या अंगावर काही फेकणं, हे आपल्या मनातच येत नाही. आपल्यासाठी तो आशीर्वाद असतो. तो घेणाऱ्याला कसा लागतो, हे आपण विचारत नाही. मी पुढे किती तरी भांडणं पाहिली, घरातली, शेजाऱ्यांतली, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मुळाशी कुणाचं तरी प्रेमच निघालं. समोरच्याला न विचारता केलेलं. कायद्यात त्याला कलम नाही.

काही महिन्यांनी आजोबांनी मला फोन केला. त्यांना तो पक्षी बघायचा होता, पणतीलाही. मी त्यांना घेऊन गेलो. फाल्कनरने अंगणात दोरी आखली होती, तिच्या अलीकडे आम्ही उभे राहिलो. ससाणा तिच्या हातमोज्यावर होता. मुलीच्या भुवईवर बारीकशी खूण राहिली होती. आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "मी याला हात जोडले तर चालेल का?"

ती हसली नाही. तिने पक्ष्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "चालेल," ती म्हणाली. "पण हळू."

"आजोबा, व्हेरी स्लो," मुलगी कुजबुजली.

त्यांनी हात अगदी हळू पुढे आणले. मग जोडले. ससाण्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आपली पिसं साफ करायला लागला.