मास्तरांना वाचून दाखवलेल्या गोष्टी

कुठलीही भुताची गोष्ट वाचून संपली की आमचे मास्तर एकच प्रश्न विचारायचे. भूत कुणाचं होतं, मेलेला माणूस परत कसा आला, यात त्यांना फारसा रस नसे. ते विचारायचे, "आवाज कसा व्हता?" पुस्तकात नुसतं 'दार वाजलं' असं असलं तर त्यांचं समाधान होत नसे. बोटांनी वाजलं की मुठीने, लाकूड ओलं होतं की वाळलेलं, कडी हलली का, हे सगळं मला सांगावं लागे. पुस्तकात तर ते नसायचंच. मग मी घाबरत घाबरत काहीतरी सांगायचो आणि ते डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेत मागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्तर म्हणजे माग लावणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा आणि कारागीर आणून कामावर ठेवणारा माणूस. पर्वत पाटियाच्या पुढे ज्या खात्यात माझे वडील माग चालवतात, तिथले ते मास्तर. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांना नंदुरबारकडच्या आमच्या गावातून सुरतेत आणलं ते मास्तरांनीच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आता शेवटच्या वर्षाला आहे. ही गोष्ट पहिल्या वर्षातली. ती नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

आठवड्यातून एक दिवस खातं बंद असे. त्या दुपारी मास्तरांच्या खोलीत वाचन व्हायचं. रद्दीच्या दुकानातून मी जुने दिवाळी अंक आणि कव्हर फाटलेले कथासंग्रह आणायचो. त्यांत भुताच्या नाहीतर विज्ञानाच्या गोष्टी असतील तेवढ्याच वाचायच्या, असा नियम होता. रडक्या गोष्टी नकोत, मास्तर म्हणायचे, त्या आपल्या घरी आहेत. ऐकायला नाना असत, मास्तरांच्या हाताखाली शिकणारा सुकाभाऊ असे आणि शेजारच्या खोलीतले गवंडीकाका असत. काका लातूरकडचे, कामरेजला बांधकामावर जायचे. त्यांचा भुतांवर अजिबात विश्वास नव्हता, पण एकही दुपार ते चुकवत नसत.

वाचायला बसायची जागा ठरलेली होती. मी बल्बखाली, मास्तर माझ्या बरोबर समोर, हातभर अंतरावर. बाकीचे दोन्ही बाजूंना. मी पुस्तकात तोंड घालून वाचू लागलो की मास्तर बोटाने पुस्तक खाली करत. "तोंड दिसू दे, प्रोफेसर. घाबरणारा माणूस दिसला नाही तर भीती कशी वाटेल?" ते मला प्रोफेसर म्हणत. कॉलेजात मी तोंड उघडत नसे. तिथली मुलं भराभर गुजराती बोलत, मला उत्तर येत असूनही हात वर करायचा धीर होत नसे. इथे मात्र चार मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत असत. मला त्याचा अभिमान वाटायचा.

चर्चा मोठ्याने चाले. मागावरची माणसं हळू बोलूच शकत नाहीत. एकदा एका अंतराळयानाची गोष्ट होती. सगळे प्रवासी वर्षानुवर्षांच्या झोपेत असतात आणि एकटा पहारेकरी जागा असतो. एक दिवस यंत्राची घरघर थांबते. सुकाभाऊ म्हणाला की लेखकाने इथे चूक केली, बाकीच्यांना आधी उठवायला हवं होतं. गवंडीकाका म्हणाले, "उठवून काय करतोस? खाली उतरायला जमीन हाय का तिथं?" दोघांची जुंपली. मास्तर दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. मग म्हणाले, "यंत्र थांबलं हे त्याला आवाजावरून कळलं. समजा त्याला ऐकूच येत नसतं, तर?"

नाना चटईची काडी ओढत बसले. मला वाटलं, काय जबरदस्त कल्पना सुचली मास्तरांना. मी ती वहीत लिहूनसुद्धा ठेवली.

त्यानंतर काही आठवड्यांनी विहिरीची गोष्ट वाचली. तिघे भाऊ जुनी विहीर उपसायला जातात. खाली उतरलेल्याने दोर दोनदा ओढला की वरच्यांनी त्याला वर घ्यायचं, असं ठरलेलं असतं. काम संपतं, तिघेही वर येतात, चिलीम पेटवतात. आणि विहिरीत सोडलेला दोर दोनदा ओढला जातो. इथे गवंडीकाका म्हणाले की दोर दगडाला अडकला असंल, आमच्याकडं नेहमी अडकतो. मास्तरांनी हातानेच त्यांना गप्प केलं. मी पुढे वाचू लागलो आणि शेवटचा परिच्छेद उरला असताना वरचा बल्ब उडाला.

त्या खोलीला खिडकी नव्हती, दार लोटलेलं होतं. भरदुपारी मिट्ट काळोख झाला. गोष्ट मी आधी वाचलेली होती. मला वाटलं, असा मोका परत मिळणार नाही. काळोखातच मी शेवट सांगितला. थोरला भाऊ दोर ओढू लागतो. दोराला वजन काहीच नसतं. त्यांनी सोडला होता तेवढा सगळा दोर वर येतो, तरी खालून दोर येतच राहतो.

सुकाभाऊ "अरे बाप" म्हणाला. गवंडीकाकांनी रामाचं नाव घेतलं. मग त्यांनीच काडी पेटवली. मास्तर तसेच बसले होते, माझ्या तोंडाच्या दिशेला डोळे लावून. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणाले, "थांबलास का? दोर हलला, पुढे वाच ना."

काडी विझली. सुकाभाऊने घाईघाईने दुसरी पेटवली, स्वतःच्या तोंडासमोर धरली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "बल्ब उडाला, मास्तर. प्रोफेसर आता सांगेल." मी नवा बल्ब आणायच्या निमित्ताने बाहेर पडलो. विहिरीची गोष्ट मी विसरूनही गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनीच मला चहाच्या टपरीवर गाठलं. लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. "माले ऐकू येस नही," ते आमच्या अहिराणीत म्हणाले. डावा कान कधीच गेला होता, उजवाही वर्षभरात गेला. तीस वर्षं मागांमध्ये काढल्यावर दुसरं काय होणार. खात्यात कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे ओठांवर आणि हातांवर बोलतात, म्हणून निभावलं. पण माग आजारी आहे हे मास्तरला आवाजावरून कळावं लागतं. आता ते मागाच्या चौकटीला तळहात लावून ओळखत होते. कधी ओळखू येई, कधी नाही.

मी विचारलं, मग सोडत का नाही? आतल्या धावत्या धोट्याला नाहीतर पट्ट्याला हात लागला आणि कुणी माग चालू केला तर? ते माझ्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "मी गेलो की शेठ बाहेरून मास्तर आणेल. नवा मास्तर आपली माणसं घेऊन येतो. मीही तशीच आणली होती. आपली आठ घरं आहेत त्या खात्यावर. तुझं एक. सुका तयार होतोय. दिवाळीला खातं बंद होईल तेव्हा मी शेठला सांगेन की माझ्या जागी सुकाला घ्या. तोपर्यंत बोलू नको."

मी बोलणार नाही असं म्हणालो. दिवाळीला दीड महिना होता.

पुढचे आठवडे कसे गेले हे मला सांगता येणार नाही. वर्गात ध्वनीचा धडा चालू होता आणि फळ्यावरच्या लहरी मी वहीत उतरवून घेतच नसे. नाना यायची वेळ झाली की मी दारात जाऊन उभा राहायचो आणि आधी त्यांचे दोन्ही हात बघायचो. मास्तरांना ऐकू येत नाही म्हणून एखाद्या दिवशी नानांच्या मागाचा धोटा उडेल, कुणाच्या तरी डोळ्यात जाईल, आणि मला हे माहीत होतं याची टोचणी आयुष्यभर राहील, अशी भीती वाटायची. मायने विचारलं, काय झालं रे. अभ्यास, म्हणालो. वाचन चालूच होतं, पण माझं लक्ष गोष्टीत राहिलं नव्हतं. मास्तर कुठल्या शब्दाला कपाळाला आठी घालतात तेवढंच मी बघायचो आणि तो शब्द पुन्हा, हळू, म्हणायचो. त्यांना ते कळत होतं. मग आवाजाचा प्रश्न विचारायचं त्यांनी बंद केलं.

दिवाळीला तीन आठवडे असताना परीक्षेच्या फॉर्मवर नानांची सही हवी होती. कॉलेज सुटल्यावर मी थेट खात्यात गेलो. आत शिरल्यावर कानांत नुसता लोखंडाचा पूर. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, संध्याकाळ होत आलेली. आणि मी बघितलं, चौथ्या मागाशी मास्तर वाकलेले आहेत, हात कोपरापर्यंत आत आहे, पाठ सुकाभाऊकडे. सुकाभाऊचा हात माग चालू करायच्या दांड्यावर.

मी धावलो. धावताना पूर्ण जोर लावून ओरडलो की थांबा, मास्तरांना ऐकू येत नाही. पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडत होतो तेव्हा सगळे माग एकदम थांबले. मेताजींनी, म्हणजे शेठच्या मुनीमांनी, सुट्टीसाठी विजेची मोठी कळ खाली पाडली होती. दर आठवड्याची ठरलेली वेळ होती ती. खात्यातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होती, मला नव्हती. त्या शांततेत माझे तीन शब्द एकटेच उरले. ऐकू येत नाही.

सुकाभाऊचा हात दांड्यावर तसाच होता. त्याचा दुसरा हात मास्तरांच्या पाठीवर होता. तो मी पाहिलाच नव्हता.

मेताजी कळीजवळून चालत आले. वाईट माणूस नव्हता. ते मास्तरांच्या मागे चार पावलांवर उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "मास्तर, जरा इधर देखो." मास्तर आतला नट आवळत होते. मेताजींनी पुन्हा हाक मारली. सुकाभाऊने पाठीवरचा हात हलवला असता तर मास्तर वळले असते, पण मेताजी त्या हाताकडेच बघत होते. नाना खाली मान घालून उभे होते. आठही जण तसेच. मास्तरांनी नट पुरता आवळला, हात पुसले, वळले, आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून त्यांची नजर एकदा फिरली. त्यांना विचारावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर नानांनी हातपाय धुतले. मग म्हणाले, "तुला काय वाटलं, तुला एकट्यालाच माहीत होतं?" खात्यातल्या सगळ्या कारागिरांना माहीत होतं. मास्तरांचा हात आत असला की एकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा आणि त्यांनी हात बाहेर काढून त्या हाताला स्पर्श केल्याशिवाय माग सुरू करायचा नाही, असं त्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं. कुणाच्याही मागाचा सूर बिघडला की तो मास्तरांना खूण करायचा. नाना ओरडले नाहीत माझ्यावर. "तू शिकलेला," एवढंच म्हणाले, आणि जेवायला बसले.

शेठने मास्तरांना खात्यात यायला मना केलं. कुणाचा हात गेला तर जबाबदार कोण, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. दिवाळीपर्यंत सुकाला बघू, नाहीतर नवा माणूस आणू, असं ठरलं. ते तीन आठवडे सुकाभाऊ रोज कामावरून सुटला की मास्तरांच्या खोलीत यायचा. आज अमुक मागाने असं केलं, धागा इथे तुटला, असं हातांनी करून दाखवायचा आणि मास्तर हातांनीच उत्तर द्यायचे. मी भिंतीला टेकून बसायचो. कुणी मला जा म्हणालं नाही, वाच असंही म्हणालं नाही. शेवटच्या आठवड्यात शेठने सुकाभाऊला कायम केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गावी जायला सगळं सामान एका ट्रंकेत भरलं.

बाकीचे सुट्टी लागल्यावर निघणार होते, म्हणून स्टेशनवर मी एकटाच गेलो. ट्रंक वर चढवली. मग फलाटावर उभं राहून मी बोलायला लागलो. आदल्या रात्री पाठ केलेलं होतं, पण खाली बघतच बोललो. मास्तरांनी खिडकीतून हात काढून माझ्या खांद्यावर थोपटलं, मी थांबलो. त्यांना एकही शब्द मिळाला नव्हता. मग मला मान वर करून, त्यांच्या डोळ्यांत बघून, सगळं पहिल्यापासून म्हणावं लागलं. मी न विचारता ओरडलो. तुमची जागा माझ्यामुळे गेली. मला माफ करा. आजूबाजूचे लोक बघत होते. मास्तरांनी मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. शेवटचा शब्द ओठांवरून जाईपर्यंत ते बघत राहिले.

मग म्हणाले, "सुका टिकला. आठ घरं राहिली. आणखी काय पाहिजे होतं?"

गाडी हलली. मी डब्याबरोबर थोडं चाललो. फलाट संपल्यावर उभा राहिलो आणि मनाशी एकेक घर मोजायला लागलो. आमचं, सुकाभाऊचं, मग बाकीची. आठ भरली. नववं त्या गाडीत होतं, आणि ते त्यांनी कधी धरलंच नव्हतं.