पक्क्या बांधाखालचं पिसोळं

आजोच्या फोटोशेजारी तुम्ही टाकलेलं निळं फुलपाखरू चुकीचं आहे.

ते ब्राझीलचं. तळहाताएवढं.
आजोचं करंगळीच्या नखाएवढं होतं.

काल माझा आजो गेला आणि गावच्या ग्रुपवर 'निसर्गप्रेमी हरपला' फिरायला लागलं. तो जिवंत असताना आरोंद्यात हा शब्द कोणी वापरला नाही. आमच्याकडे फुलपाखराला म्हणतात पिसोळं, वेड्याला पिसो. नाव तयारच होतं.
पिसो मास्तर.

पन्नासच्या दशकात गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागला. शाळा सुटली की खाडीकाठच्या बांधावर उकिडवा. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. त्यावर एक खुरटं, खारट तण. पिसोळं फक्त त्याच्या कळीवर अंडं घालायचं. हिरवी अळी. तिच्या पाठीवरचा गोड थेंब मुंग्या चाटायच्या आणि तिची राखण करायच्या. कोष मुळाशी, मातीच्या भेगेत. मग चार दिवसांचं उडणं, तेही गुडघ्याच्या वर नाही.

पन्नास पावलांचा तुकडा. त्यापलीकडे ते आजोला कधी दिसलं नाही.

"मास्तरानू, भात खातलास की पिसोळी?" शेजारचा बाबल विचारायचा.

साठच्या दशकात एका उधाणाला बांध फुटला. बाबलचं भात गेलं, सगळ्यांचंच गेलं. पक्का बांध हवा म्हणून कचेरीत अर्ज करायचा ठरला. कचेरीतलं मराठी लिहिणारा गावात एकच.

त्या अर्जाची कॉपी घरात आहे. आजोचं वळणदार अक्षर.
"बांधावर निरुपयोगी तण माजले आहे."

दगड आले, सिमेंट आलं. भात पिकलं.
पिसोळं परत दिसलं नाही.

गेल्या वर्षी मी विचारलं, "आजो, तुका ठावक होता?"
"होता गो."
"मगे?"
"एक ओळ लिवची होती. ह्या पन्नास पावलांत दगड नको. थंय मी दर वरसा माती घालतलंय."
"लिवलंस नाय कित्याक?"
"कचेरीत हसतले म्हणान."

आणि स्वतःच हसला. आपण हसायच्या आधी.

एवढंच. एक कारकून हसला असता.

ही पोस्ट टाकताना माझंही बोट अडलं. कोण हसेल म्हणून, तेच कळलं नाही.

तो ब्राझीलचा फोटो काढा. आजोच्या पिसोळ्याचा फोटो कुणाकडेच नाही. जागा रिकामी ठेवा.

'भावपूर्ण' लिहवत नाही.
श्रद्धांजली, आजो.