पायाची कबर

चासिबने आयुष्यात हजारांवर पाय बनवले आणि त्यातला एकही त्याला आवडला नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या सरकारी केंद्रात माणसाच्या थोटकावर प्लास्टर चढवायचं, साचा काढायचा, भट्टीत मऊ केलेलं प्लॅस्टिक त्यावर बसवायचं, हा त्याचा धंदा. पाय न्यायला आलेल्याला तो तोंडावर सांगे, "हा पाय नव्हे बाबा, काठी आहे. बूट घालता येतो एवढंच." लोक त्याला तुसडा म्हणत. पण त्याचा स्वतःचा उजवा पायही गुडघ्याखाली त्याच्याच हातचा होता, त्यामुळे त्याला उलट बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

खरा पाय इराणच्या लढाईत सुरुंगावर पडून गेला होता, एकोणिसाव्या वर्षी. इस्पितळात जे कापलं ते त्याच्या आईने पांढऱ्या कापडात गुंडाळून अबू अल-खसीब या आपल्या गावी नेलं आणि घरच्या खजुराच्या बागेत पुरलं, कारण माणसाचं जे आहे ते मातीला द्यावंच लागतं. दर ईदला सकाळी लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात. चासिब आधी आईबापांच्या जाई, मग पायाच्या. "हा पुढे जाऊन माझी जागा धरून बसलाय," असं तो म्हणे आणि तांब्याभर पाणी शिंपडून परत येई.

अशा माणसाकडे त्याचा भाचा दुरैद एक अर्ज घेऊन आला. मागोमाग त्याची आई बद्रिया, डोळे सुजलेली.

दुरैदचा उजवा घोटा मोटरसायकलवरून पडून मोडला होता आणि हाड वाकडं जुळलं होतं. तो लंगडे, चार पावलं जास्त चालला की कळ येई. पण पाय चालता होता आणि तो कापायची काही गरज नाही असं डॉक्टर म्हणाले होते. आखातातल्या एका कंपनीला मात्र गरज होती. पाय कापून घेतला तर यंत्राचा पाय फुकट, वर नोकरी. नोकरी म्हणजे थंडगार दिवाणखान्यात गिऱ्हाइकांना गालिच्यावर चालून दाखवायचं. अर्जावर पाय बनवणाऱ्या कुणातरी कारागिराची सही हवी होती.

"मामा, शरीर म्हणजे जुनं मॉडेल आहे," दुरैद म्हणाला. "अजून वीस वर्षांनी सगळेच बदलून घेतील."

"अस्सं? मग कंपनीचे मालक कशावर चालतात?"

"त्यांचे पाय चांगले आहेत."

"तुझ्या यंत्राहून चांगले? की कापायला आधी भिकाऱ्यांचे पाय लागतात?"

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही अजून प्लॅस्टिक भाजताय."

बद्रिया भावाला म्हणाली, "दादा, नऊ महिने पोटात वाढवलाय मी तो पाय. मला विचारलंसुद्धा नाही यानं. तू नाही म्हण, तुझंच ऐकेल तो."

चासिबला माहीत होतं, नाही म्हटलं तर हा दुसरीकडून सही आणेल. तो म्हणाला, "करतो सही. पण पाय तुझा, तर त्याची कबर तू खणायची. उद्या बागेत ये. माझ्या पायाशेजारी जागा देतो."

बद्रियाने कपाळावर हात मारला.

सकाळी बागेत चासिबने टेपने भाच्याचा पाय मोजला. "त्रेचाळीस नंबर. बोटं फताडी आहेत, रुंदी वाढव." मग त्याला आडवी खुंटी असलेलं जुनं फावडं दिलं. खुंटीवर पाय देऊन ते जमिनीत दाबायचं. जवळच कालवा, माती चिकट, म्हणून दुरैदने बूट काढले. आणि पहिल्याच फावड्याला त्याने खुंटीवर ठेवला तो उजवा, मोडका पाय. चासिबने ते पाहिलं.

वीतभर खणून झालं आणि दुरैद बोंबलला, "आई गं!" खजुराच्या झावळीचा काटा उजव्या तळव्यात घुसला होता, बोटभर.

"अरे वा, जुनं मॉडेल बोलतं वाटतं," चासिब म्हणाला.

"नव्या पायालाही कळतं, मामा. सेन्सर असतात."

"हो ना. फोनवर निरोप येईल, काटा टोचला आहे. तू म्हणशील, बरं."

असं म्हणत तो कसाबसा जमिनीवर बसला आणि भाच्याचा पाय त्याने मांडीवर घेतला. अडतीस वर्षं त्याच्या मांडीवर फक्त थोटकं आणि साचे आले होते. हा पाय ऊन होता, घामट होता, नख लागताच बोटं आत ओढून घेत होता. चासिबला त्या वाकड्या घोट्याचा हेवा वाटला. रागही आला. असला ऐवज हा पोरगा गालिच्यावर मिरवण्यासाठी टाकायला निघाला होता.

काटा निघाला. दुपारच्या नमाजाची वेळ झाली म्हणून चासिब कालव्यावर गेला. तोंड धुतलं, हात धुतले, मग ओला हात पायांवरून फिरवला. आधी उजव्या, मग डाव्या.

"मामा," दुरैद मागून म्हणाला, "उजवा तर प्लॅस्टिकचा."

चासिब ओशाळला. त्याने हात झटकला. "ठाऊक आहे. रोज ठरवतो, नाही फिरवायचा. हात ऐकत नाही." मग नेहमीच्या खेकसत्या आवाजात म्हणाला, "आण तो अर्ज. सही करतो म्हटलं होतं ना?"

दुरैदने खिशातून अर्ज काढला नाही. तो लंगडत खड्ड्यापाशी गेला आणि उकरलेली माती आत लोटू लागला.

"नीट दाब," चासिब ओरडला. "कुत्री उकरतील."

"रिकाम्या खड्ड्यात काय उकरणार?"

"तू दाब."

दुरैदने माती दाबली, दोन्ही पायांनी. उजव्याने जरा जास्तच, दर वेळी कळवळत.