रेसमधली कंपनीची बस

कॉम्प्युटरवरच्या मोटारींच्या शर्यतीत, वळण घेण्याआधी खिडकीबाहेर हात काढून इशारा देणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खिडकी त्यांच्या बदलापुरातल्या, कात्रपच्या फ्लॅटच्या हॉलमधली. टेबल खिडकीला लावलेलं, त्यामुळे गेममध्ये उजवं वळण आलं की साडूबुवांचा उजवा हात खरोखरच गजांतून बाहेर जायचा. खालून जाणाऱ्या भाजीवाल्याला वाटायचं, पहिल्या मजल्यावरचे काका आपल्यालाच बोलावताहेत. तो बिचारा भेंडी घेऊन जिना चढून यायचा. शर्यतीतल्या बाकीच्या गाड्या सूं सूं करत निघून जायच्या आणि साडूबुवा त्यांना हातानं ‘जा, जा’ करायचे. “जाऊ दे. यांच्या गाडीत कुठं पॅसेंजर आहेत?” असं म्हणून ते आपली लालभडक परदेशी मोटार चाळीसच्या स्पीडनं समुद्राकाठून हाकत राहायचे. ते कायम शेवटचे यायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. कारण आजवर कुणाला धक्का लागला नव्हता.

त्यांनी सारा जन्म अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याची बस चालवली. बदलापुरातून कामगार उचलायचे, कारखान्यात पोचवायचे, शिफ्ट सुटली की परत आणायचे. त्यांच्या बसमध्ये उभ्यानं दाढी करता येते, असं लोक म्हणत. त्या कारखान्यात एक रीत होती. ड्रायव्हर रिटायर व्हायचा असला की त्याच्या शेवटच्या फेरीला बसला झेंडूच्या माळा लावत, नारळ फोडत, आणि उतरताना प्रत्येक पॅसेंजर ड्रायव्हरचा हात हातात घेई. साडूबुवांनी दुसऱ्यांच्या अशा फेऱ्या डोळे भरून पाहिल्या होत्या. त्यांची स्वतःची फेरी मात्र हुकली. रिटायर व्हायला थोडाच अवकाश असताना छातीत कळ आली, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली आणि कंपनीनं त्यांना गेटवर खुर्ची टाकून दिली. “खुर्चीवरनं रिटायर व्हायला मी काय क्लार्क आहे?” असं ते मला म्हणाले. मन कशात तरी गुंतवा, असं डॉक्टर म्हणाले होते. साडूबुवांनी ते उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या तयार गेमिंग कॉम्प्युटरमध्ये गुंतवलं. काळा कॅबिनेट, त्यावर ज्वाळांची चित्रं आणि पोटात निळा दिवा. तो पाहून ताईनं आधी नमस्कारच केला.

ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. तिच्या घरात उघडी वस्तू असणं हे पाप. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टेलिफोनला तर झालर आणि वर विणलेला गुलाब. पाहुणा जास्त वेळ स्तब्ध बसला तर त्यालाही माप लावील अशी मला भीती वाटायची. कॉम्प्युटर आला त्याच आठवड्यात तिनं कॅबिनेटला जाड सतरंजीच्या कापडाचं, अस्तर लावलेलं, खालपर्यंत झालर सोडलेलं कव्हर शिवलं. वायरींपुरती मागे एक फट. गेम चालू असतानाही कव्हर तसंच असे; बाहेरगावच्या पाहुण्यांना कॉम्प्युटर दाखवायचा असला तरच ते निघे.

सुरुवातीपासून एक भानगड होती. गेम सुरू केला की गाडी झकास निघायची, आणि थोडं अंतर गेली की अडकायला लागायची. जरा पुढे, मग ठप्प, मग एकदम उडी. दुसरा कुणी असता तर चरफडला असता. साडूबुवा ओशाळायचे. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबून दाबून लादी झिजवायचा आणि ते मागे वळून रिकाम्या सोफ्याला “सॉरी हं” म्हणायचे. मी शेजारी बसलेला असायचो म्हणून मला त्यांनी ‘कंडक्टर’ करून टाकलं होतं. एके दिवशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मला मनातलं सांगितलं. रिटायरमेंटच्या दिवशी, गेटवरची खुर्ची सोडून घरी आल्यावर, ते आपली शेवटची फेरी या गाडीवर काढणार होते. जुन्या पॅसेंजरांना आवतण गेलंसुद्धा होतं. “पण कंडक्टर, असे धक्के बसत असतील तर मी त्या माणसांना कुठल्या तोंडानं बसवू?”

आता हे हसण्यासारखं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं नाही. तेव्हापासून कॉम्प्युटर दुरुस्तीला आम्ही अक्षरशः वाहून घेतलं. कॅबिनेट चादरीत गुंडाळायचा, रिक्षात साडूबुवांच्या मांडीवर ठेवायचा आणि आजारी माणसाला नेतात तसा, “खड्डा जपून घ्या” असं रिक्षावाल्याला बजावत उल्हासनगरला न्यायचा. दुकानाचा मालक गोरापान, हसतमुख सिंधी. “अंकल, रॅम डालो. रॅम कम आहे तुमची. मक्खन चलेगी.” साडूबुवांना इंग्रजी शब्दांचं वावडं नव्हतं, पण प्रत्येक गोष्ट बसच्या भाषेत आल्याशिवाय ते मान हलवत नसत. रॅम म्हणजे सीटा, असं त्यांनी ठरवलं. सीटा वाढवल्या. दुकानात गेम लावून पाहिला, गाडी लोण्यासारखी धावली. घरी आणला, ताईनं कव्हर चढवलं, गाडी अडकली.

पुढच्या खेपेला ग्राफिक्स कार्ड. ते म्हणजे पुढची काच. काच स्वच्छ असेल तर ड्रायव्हर बिचकत नाही, हे तर्काला धरून होतं. तीही बदलली. दुकानात पुन्हा लोणी, घरी पुन्हा धक्के, आणि आता जास्तच. शिवाय त्या कार्डाचा पंखा गुरगुरायचा, म्हणून ताईनं कव्हरला आतून आणखी एक अस्तर लावलं. मग पॉवर सप्लाय, म्हणजे डिझेलचा पंप. हा नग इतका जड होता की रिक्षा एका बाजूला कलली. दुकानात लोणी. घरी, विचारू नका. सिंधी मालक कपाळाला हात लावून म्हणाला, “अंकल, इधर तो एकदम फर्स्ट क्लास. तुम्हारे बदलापूर में ही कुछ लफडा है, साई.”

हे साडूबुवांना एकदम पटलं. अंबरनाथपर्यंत गाडीचं बरं असतं, बदलापूरच्या अलीकडची चिखलोली ओलांडली की तिला काहीतरी होतं, असा त्यांनी सिद्धांत मांडला. आधी वीजमंडळावर संशय. मग स्टॅबिलायझर आला. त्यालाही कव्हर मिळालं. मग हवेवर संशय. एकदा तर जाताना वाटेत शिवमंदिरापाशी रिक्षा थांबवून त्यांनी कॅबिनेटला बाहेरूनच देवदर्शन घडवलं. मीही हात जोडले. शिकलासवरलेला माणूस मी, पण चार महिने एका माणसाबरोबर वेडेपणा केला की तो वेडेपणा राहत नाही, घरचं काम होतं.

रिटायरमेंटचा दिवस आला. साडूबुवांनी सकाळीच गेटवर जाऊन निरोपाचा नारळ घेतला आणि ते दुपारच्या आत घरी परतले. हॉलमध्ये मी दोन दोन खुर्च्यांच्या रांगा लावल्या, मधून जायला वाट ठेवली. मॉनिटरला झेंडूची माळ घातली. पाहुणे यायचे म्हणून ताईनं घरातली झाडून सगळी कव्हरं धुवायला काढली होती. कॉम्प्युटरचं जाडजूड कव्हर बाल्कनीच्या दोरीवर निथळत होतं. “लोक यायच्या आत एक रिकामी फेरी मारून बघतो,” असं म्हणून साडूबुवा चप्पल काढून बसले. गाडी निघाली. पहिलं वळण गेलं, पूल गेला, बोगदा गेला. एक धक्का नाही. साडूबुवांनी गाडी उभी केली. कॅबिनेटवर हात ठेवला, तो तापलाच नव्हता. मग बाल्कनीकडे पाहिलं, परत कॅबिनेटकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “कंडक्टर, आपण रेडिएटरवर गोधडी घालून गाडी पळवत होतो.”

मला हसू आवरेना. त्यांनी डोळे वटारले. “हिला बोलायचं नाही. हौसेनं शिवलंय.” आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं, “अगं, ते कव्हर वाळलं की कपाटात ठेव. रोज वापरून खराब होईल.” ताई आतून खूश होऊन “बरं” म्हणाली.

पाचाच्या सुमारास पॅसेंजर आले. एकानं दारातच “जय भीम, ड्रायव्हरसाहेब” म्हणून कडकडून हात मिळवला आणि थेट डावीकडची दुसरी खुर्ची धरली, कारण बसमध्ये ती त्याची जागा होती. एक जण गाडी सुटताच झोपी गेला. तो नेहमीच झोपायचा. एकाला खुर्ची रिकामी असूनही उभं राहायचं होतं. चिखलोलीकडचे एक म्हातारे मागून ओरडले, “आरं, गारी जरा दामट ना! फर्स्ट शिफ्ट चुकल!” साडूबुवा चाळीसवरच. लाल गाडी समुद्राकाठून अशी चालली होती की खुर्च्यांवरची माणसं वळणाला आपोआप एका बाजूला झुकत होती. मीही झुकलो.

तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आली आणि खुर्च्यांमधल्या वाटेत उभी राहिली. कंपनीच्या बसमध्ये घरच्यांना बसवायचं नाही, असा कारखान्याचा नियम होता आणि साडूबुवा नियमाचे पक्के. इतक्या वर्षांत ताई त्यांच्या बसमध्ये एकदाही बसली नव्हती. ती पिशव्या घेऊन बाजारातून चालत यायची, बस तिच्या शेजारून जायची आणि नियम म्हणजे नियम, म्हणून साडूबुवा हॉर्नसुद्धा वाजवत नसत. हे मला त्या दिवशी त्या झोपलेल्या माणसाशेजारच्या गृहस्थांनी हळूच सांगितलं. ताईनं स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

साडूबुवांनी ब्रेक मारला. गाडी समुद्राकाठी एका माडाखाली उभी राहिली.

“बसा,” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

“कोण, मी?” ताई म्हणाली. “चहा निवेल सगळ्यांचा.”

“पुढं बसा.”

मी उठलो आणि ट्रे घेतला. ताई पदरानं हात पुसत माझ्या खुर्चीवर बसली, अगदी कडेला, परक्या गाडीत बसावं तशी.

“कुठं उतरणार?” साडूबुवांनी खास ड्रायव्हरच्या आवाजात विचारलं.

ताईनं क्षणभर विचार केला. “शेवटच्या स्टॉपला.”

साडूबुवांनी मान हलवली आणि गाडी काढली. चहा माझ्या हातात निवत होता. बाकीच्या गाड्या केव्हाच पोचल्या होत्या, रेस संपली होती, पडद्याच्या कोपऱ्यात तसं लिहूनही येत होतं. पण त्या हॉलमधला एकही पॅसेंजर उतरायला तयार नव्हता.