दहा लाख नऊचा भाजक

थप्पीवाल्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आधी बायकोला कुशीवर वळवायचं, औषध पाजायचं, मग एक भागाकार. सहाला तो माझ्या शेजारी विटा रचायला उभा. त्याच्या थप्पीत कधी एक वीट उरली नाही, म्हणून हे नाव.

बायको त्याच भट्टीवर मोजणीला होती. तिने अंथरूण धरलं तेव्हा भट्टीच्या फळ्यावर वर्षभराच्या विटांचा आकडा होता दहा लाख नऊ. ती म्हणाली, या आकड्याला भाजकच नाही, याच्या समसमान थप्प्या होणं नाही. रोज एका संख्येने भागून बघा. तपासून होईपर्यंत मी कुठे जात नाही.

भागायचं फक्त मूळ संख्यांनी, आणि त्याही हजाराच्या आतल्या. मोठा भाजक असलाच, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत सापडतोच. अशा संख्या एकशे अडुसष्ट. म्हणजे तेवढ्या पहाटा. डॉक्टरने त्याच्या निम्म्याही दिल्या नव्हत्या.

बासष्टाव्या दिवशी त्याने पहिलाच थर वाकडा लावला. मी विचारलं. म्हणाला, दोनशे त्र्याण्णवने पूर्ण भाग गेला, तीन हजार चारशे तेरा वेळा. घरी मात्र बाकी चार सांगून आला होता. मी म्हटलं, मग आता उरलेले शंभर दिवस नाटक करणार? तो म्हणाला, "नाटक नाही. भागाकार खरेच करीन."

फुकटच्या कष्टाची मला चीड आहे. पण त्याची भागाकारांची वही मी पाहिली आहे. एकही ओळ चुकार नव्हती.

पुढे तिला आडवं पडून श्वास पुरेना. त्याने जादा पाळ्या केल्या आणि डोक्याकडून उचलता येणारी खाट आणली. उठून बसल्यावर ती वही मागेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्याच पहाटे तिने मागितली. पानं उलटत दोनशे त्र्याण्णवपाशी थांबली. मोजणीवालीच ती.

"अहो, इथे शून्य आहे."

"हो."

वही त्याच्यापुढे सरकवत तिने विचारलं, "आज कोणता?"

"नऊशे सात."

"करा मग."

बाकी चारशे पंच्याण्णव आली. तिने स्वतः ताळा केला.

नऊशे सत्तेचाळीसच्या पहाटे ती गेली. पुढच्या संख्यांनी त्याने भागलं नाही. जादा पाळ्यांचा सगळा पगार त्या खाटेत गेला होता. तिने ती जेमतेम आठवडाभर वापरली.