नाव कोरलेला डबा

सकाळी बघतो तर रॅकूननं ओल्या कचऱ्याचं ग्रीन बिन पाडलेलं. ड्राइव्हवेवर बटाट्याच्या साली, चहाचा चोथा आणि मधोमध स्टीलचा डबा. झाकण घट्ट. उघडला. आमची खीर. चमचासुद्धा लागला नव्हता.

खीर टाकली, एक वेळ समजू. पण डबा? तो तर त्यांचाच होता. वर राहणाऱ्या काकूंचं नाव झाकणावर कोरलेलं, लग्नातलं भांडं. आदल्या आठवड्यात त्यांनीच त्यातून चिवडा दिला होता. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून बायकोनं पौर्णिमेची खीर भरून दिली. चुकलंच आमचं!

काकू आणि डॉक्टरकाका आमचे घरमालक. आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये. माझी नोकरी हॅमिल्टनला, पण तिथली भाडी झेपेनात, म्हणून अर्ध्या तासावरच्या या गावात आलो. तर टोरांटोवाल्यांनी आधीच येऊन घरं घेतलेली. उरलेल्या घरांत एकेक म्हातारं जोडपं. चार बेडरूम, त्यातल्या तीन बंद. आणि लेकुरवाळी माणसं सगळी तळघरात. तीन महिने वणवण केली तेव्हा हे मिळालं.

डॉक्टरकाका रिटायर्ड, कॅनडात चाळीस वर्षं काढलेली. पहिल्याच भेटीत विचारलं, "मूळचे कुठले?" नागपूर म्हटलं. माझ्या आडनावावरून त्यांना काही कळेना. मग म्हणाले, "असो, आपलीच माणसं." मी हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते. निळ्या कोटातली तसबीर मी आठ महिने सुटकेसमध्ये ठेवली होती. घर जाईल या भीतीनं.

बुद्धपौर्णिमेला बायकोनं ती काढली आणि भिंतीवर लावली. म्हणाली, "लेकीला काय सांगू, हे कोण? सुटकेसमधले?" दुपारी काकू लाँड्रीला खाली आल्या. तसबिरीकडे बघितलं, डबा घेतला, गोड हसल्या. "अच्छा, अच्छा," एवढंच म्हणाल्या.

बिनमधला तो डबा घेऊन मी वर गेलो. काका दारातच उभे राहिले.

"अरे, मी असलं काही मानत नाही. हिचंच जरा असतं. तसंही आमची मुलगी परत येतेय, महिनाअखेर बेसमेंट रिकामं कर."

कसली मुलगी आणि कसलं काय! संध्याकाळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात. "बेसमेंट भाड्याने. शाकाहारी, आपल्यातलेच कुटुंब हवे." फोटोत आमचाच सोफा. पहिलीतली पोर माझी, तेवढ्यात दोन शाळा झालेल्या. विचारते, "बाबा, आर वी मूव्हिंग अगेन?" माझं डोकंच फिरलं.

पुन्हा वर गेलो. म्हटलं, "काका, मी जात नाही. नोटीस लेखी द्या, भाडेकरू लवादापुढे सुनावणीत बोलू."

"वेडा आहेस का? एवढ्या भाड्यात दुसरीकडे कुठे मिळणार तुला?"

"नाहीच मिळणार. म्हणून तर जात नाही. आणि हा डबाही तिथे आणणार आहे."

काकू तरातरा पुढे आल्या. "तो डबा आमचा आहे!"

"माहीत आहे. नाव आहे ना."

खाली आलो. डबा घासला, पुसला, तसबिरीखाली ठेवला. ती आता सुटकेसमध्ये जायची नाही. तारीख पडली की डबा टेबलावर ठेवणार. कुणाचा विचारलं, तर झाकणावरचं नाव मोठ्यानं वाचणार.